कझाकस्तानची खुर्ची : सोलापुरातल्या एका वर्गातलं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरातल्या एका महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवते. फेब्रुवारी 2024 मध्ये बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची आणि एम.ए.ची मिळून अडतीस मुलं घेऊन आम्ही संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेची एक बैठक वर्गात उभी केली. चार-पाच जणांचा गट, गटाला एक देश, देशाची एक फाइल, तयारीला पाऊण तास, मग भाषणं आणि कार्ड वर करून मतदान. मतदान झालं की त्या दिवशी त्या देशाने खरोखर काय केलं होतं, ते मी फळ्यावर लिहायचं. हा उपक्रम आम्ही काही वर्षांपासून घेतो आणि मुलं त्यात मनापासून उतरतात. या वेळी तो बिघडला. कुठे बिघडला ते शोधताना जे हाती लागलं ते इथे मांडते आहे. मुलांची ओळख पटेल असे तपशील बदललेत किंवा गाळलेत. देशांचे आणि मतदानाचे तपशील जसे घडले तसेच आहेत.

आम्ही घेतलेली बैठक 7 एप्रिल 2022 ची. मार्चअखेर रशियन फौजा कीवजवळच्या बुचा गावातून माघारी गेल्या आणि मागे रस्त्यांवर नागरिकांचे मृतदेह सापडले. काहींचे हात पाठीमागे बांधलेले होते. स्थानिक प्रशासनाने मोजलेला आकडा चारशेच्या वर गेला. रशियाने सगळं नाकारलं, हा बनाव आहे असं म्हटलं. त्यानंतर आठवड्याभरात आमसभेपुढे ठराव आला : रशियाला मानवी हक्क परिषदेतून निलंबित करावं. असं निलंबन त्याआधी एकदाच झालं होतं, 2011 मध्ये लिबियाचं.

वर्गात आठ देश होते : युक्रेन, रशिया, पोलंड, सर्बिया, भारत, ब्राझील, चीन आणि कझाकस्तान. कझाकस्तानची चिठ्ठी ज्या पाच जणांना आली, त्यांच्याभोवती हे प्रकरण फिरतं. त्यांतल्या तिघांचा उल्लेख पुढे येईल. एक मुलगा पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगाराचा, घरी तेलुगू बोलणारा. एक मुलगी नळदुर्गकडची, रोज एस.टी.ने येणारी. आणि एक विजापूर वेस भागातली, वर्गात फारसं न बोलणारी.

कझाकस्तानच्या फाइलमध्ये काय होतं

हा भाग मी जरा सविस्तर लिहिते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

रशिया आणि कझाकस्तान यांच्यातली सीमा सुमारे 7,600 किलोमीटरची. जगात सलग जमिनीवरून जाणारी इतकी लांब सीमा दुसरी नाही. देशाची लोकसंख्या तेव्हा दोन कोटींच्या आत, आणि उत्तरेकडच्या पट्ट्यात रशियन वंशाचे लोक मोठ्या संख्येने राहतात. देश खुल्या समुद्रापासून लांब. त्याचं निर्यातीचं जवळपास 80 टक्के तेल एका नळातून जातं. सुमारे 1,500 किलोमीटरचा हा नळ रशियाच्या मुलखातून जाऊन काळ्या समुद्रावरच्या नोव्होरोसिस्क या रशियन बंदरात संपतो. त्या नळाची चावी कुणाच्या हातात आहे, हे सांगायला नकाशा पुरेसा आहे.

दोन्ही देश सामूहिक सुरक्षा करार संघटनेचे सदस्य, म्हणजे लष्करी मित्र. जानेवारी 2022 मध्ये गॅसच्या दरवाढीवरून कझाकस्तानात आंदोलन पेटलं, सरकार डळमळलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष तोकायेव यांनी याच संघटनेची मदत मागितली. प्रामुख्याने रशियन असलेल्या फौजा आल्या आणि दोन आठवड्यांत परतही गेल्या. त्या दंगलीत, सरकारी आकड्यानुसारच, 238 माणसं मेली. बुचा त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी घडलं. ज्या शेजाऱ्याने काल घर सावरलं, त्याच्याविरुद्ध आज हात वर करायचा होता.

आणि दुसऱ्या बाजूला 1994 चा बुडापेस्ट करार. युक्रेनने अण्वस्त्रं सोडली तेव्हा त्याच्या सीमांचा मान राखू असं रशियाने लिहून दिलं होतं. तेच, त्याच शब्दांत, कझाकस्तानलाही दिलं होतं. युक्रेनच्या कागदाची जी किंमत झाली तीच उद्या आपल्या कागदाची होणार, हे कझाकस्तानातल्या कुणालाही समजावून सांगायची गरज नव्हती.

फाइलमध्ये आणखी एक ओळ होती. मुलांनी ती वाचली, पण तिच्यावर कुणी थांबलं नाही : त्या वर्षी कझाकस्तान स्वतः मानवी हक्क परिषदेचा सदस्य होता.

अडचण

वरवर पाहता प्रश्न सोपा होता : हो, नाही की तटस्थ? पण अशा ठरावाला दोन तृतीयांश मतं लागतात, आणि ती मोजतात फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यांची. तटस्थ राहणारा त्या हिशेबात धरलाच जात नाही. प्रत्यक्षात 93 देश ‘हो’ म्हणाले, 24 ‘नाही’, आणि 58 तटस्थ राहिले. 117 पैकी 78 लागत होते, ठराव आरामात पास झाला. हेच 58 देश ‘नाही’ म्हणाले असते तर 175 पैकी 117 लागले असते आणि ठराव पडला असता. म्हणजे तटस्थ राहणं ही प्रत्यक्षात ठरावाला केलेली मदत होती.

रशियाला हे पक्कं ठाऊक होतं. मतदानाआधी त्याने सदस्य देशांना पत्र पाठवून बजावलं होतं की केवळ ‘हो’ म्हणणंच नव्हे, तर तटस्थ राहणं किंवा मतदानाला न येणं हेसुद्धा मैत्रीला धरून नसलेलं वर्तन समजलं जाईल आणि दोन देशांच्या संबंधांवर त्याचा परिणाम होईल.

हे पत्र मी मुद्दाम फाइलमध्ये घातलं नव्हतं. तयारीची शेवटची दहा मिनिटं उरली की ती चिठ्ठी प्रत्येक गटाच्या टेबलावर ठेवायची, असं ठरवलं होतं.

पर्याय कसे तोलले गेले

पहिल्या अर्ध्या तासात कझाकस्तानच्या गटाने चार वाटा काढल्या. मी मागे उभी राहून ऐकत होते.

‘हो’ म्हणणं पाच मिनिटांत बाद झालं. “पाण्यात राहून माशाशी वैर,” असं एकाने म्हटलं आणि तेलाच्या नळावर बोट ठेवलं. ‘नाही’ म्हणणं त्याहूनही लवकर बाद झालं. नळदुर्गची मुलगी म्हणाली, “फोटो बघून नाही कसं म्हणायचं?” गैरहजर राहण्याचा पर्याय विजापूर वेसच्या मुलीने सुचवला. त्या दिवशी रशियाचा लष्करी मित्र असलेला आर्मेनिया खरोखरच मतदानात नव्हता, पण हे तिला माहीत नव्हतं. बाकीच्यांनी तिची सूचना पळपुटेपणा म्हणून उडवून लावली. आज मागे वळून पाहते तर त्या टेबलावरची सर्वांत विचारपूर्वक सूचना तीच होती. मी तेव्हा तिला उचलून धरायला हवं होतं.

उरलं तटस्थ राहणं. त्यावर चौघांचं एकमत झालं. त्यांचं म्हणणं : 2 मार्चला आक्रमणाच्या निषेधाचा ठराव आला, 141 देश ‘हो’ म्हणाले, तेव्हाही कझाकस्तान तटस्थ होता. तीच रेघ पुढे ओढायची. भारतही तटस्थच आहे. कुणाला तोंडावर दुखवायचं नाही. सोबत एका मुलाने जोड दिली : मत जमत नसेल तर औषधं पाठवू. “भैय्या चौकातले कोटणीस डॉक्टर गेले तेव्हा आपल्या देशाला कुठे मत होतं?” तो म्हणाला. 1938 साली जपानने चीनवर लादलेल्या युद्धात काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. ते तिथेच 1942 मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. परराष्ट्र धोरण ब्रिटिशांच्या हातात असलेल्या देशाने जे हाताशी होतं ते पाठवलं. मुलाचं म्हणणं नेमकं होतं. कझाकस्ताननेही युक्रेनला औषधांची मदत पाठवलीच होती.

मग दहा मिनिटं उरली आणि मी चिठ्ठी ठेवली.

पहिला निर्णायक क्षण

चिठ्ठी वाचून टेबल गप्प झालं. तटस्थपणाची जागा सुरक्षित वाटत होती, आणि आता तिलाही किंमत लागली होती.

बोलला तो यंत्रमागाच्या घरातला मुलगा. त्याचं म्हणणं मी त्याच दिवशी वहीत टिपून ठेवलं. त्याचे वडील दुसऱ्याच्या मागावर चादरी विणतात. त्यांचा मालक लहान, चार मागांचा. तो सूत उधारीवर उचलतो ते एका मोठ्या व्यापाऱ्याकडून. एकदा त्या व्यापाऱ्याने दुसऱ्या एका लहान मागवाल्याचा माल अडवून त्याला पार बुडवला. बैठक बसली, निषेधाच्या कागदावर सह्या घ्यायच्या ठरल्या. “आमच्या मालकाने सही केली नाही. बैठकीलाही गेला नाही, ताप आलाय म्हणून सांगितलं. तरी पुढच्या महिन्यात सूत उशिरा आलं. मॅडम, व्यापारी सह्या मोजत नाही. कोण आपल्या बाजूने बोललं नाही, ते मोजतो.”

रशियाच्या पत्राचा अर्थ इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आला नव्हता.

तरीही गटाने तटस्थ राहायचं ठरवलं. पाचांपैकी चार. तो मुलगा ‘नाही’वर आला होता. त्याचं म्हणणं पडलं. मतदान झालं, कझाकस्तानच्या टेबलावर तटस्थतेचं पिवळं कार्ड वर गेलं.

मी फळ्यावर खरा निकाल लिहिला. भारत तटस्थ. ब्राझील तटस्थ. चीन ‘नाही’. सर्बिया ‘हो’. त्यावर हॉलमध्ये आश्चर्याची कुजबुज झाली, कारण सर्बिया रशियाचा जुना दोस्त आणि त्याचा गॅस तिथूनच येतो. राष्ट्राध्यक्ष वुचिच यांनी नंतर सांगितलं की आधी तटस्थ राहायचं ठरलं होतं, पण दबाव फार होता. म्हणजे दबाव दोन्हीकडून येतो. मग कझाकस्तान : ‘नाही’. किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, उझबेकिस्तानही ‘नाही’.

युक्रेनच्या टेबलावरून कुणीतरी “शेम शेम” ओरडलं आणि बघता बघता अर्धा हॉल ओरडायला लागला. ते खऱ्या कझाकस्तानला होतं, पण बसलं त्या पाच मुलांवर. नळदुर्गची मुलगी मान खाली घालून बसली. मी मुलांना थांबवलं नाही. मला वाटलं, चांगलं आहे, मुलांना चीड येते आहे. ती माझी पहिली चूक.

दुसरी चूक आधीच करून ठेवली होती. मूल्यमापनाच्या तक्त्यात मी ‘नैतिक भूमिका’ असा दहा गुणांचा रकाना ठेवला होता आणि तो मतदानावरून भरायचा होता. ‘हो’ला दहा, तटस्थाला पाच, ‘नाही’ला शून्य. पोलंडच्या मुलांना दहा मिळाले. त्यांना ते फुकट मिळाले होते, कारण त्या खुर्चीत बसून ‘हो’ म्हणताना गमवायचं फारसं काही नव्हतं.

काय केलं

दुसऱ्या दिवशी कझाकस्तानच्या गटाने मला एक अर्ज दिला. वहीचं पान, पाच सह्या. लिहिलं होतं : “आम्हाला पाच गुण मिळाले याबद्दल तक्रार नाही. पण 7 एप्रिलनंतर कझाकस्तानने काय काय केलं ते बघितल्याशिवाय त्याला शून्य देणं बरोबर वाटत नाही.” अर्ज त्या ‘नाही’वाल्या मुलाच्या अक्षरात होता.

माझ्यापुढे तीन गोष्टी होत्या. अर्ज वाचून बाजूला ठेवायचा, गुण गुपचूप बदलायचे, किंवा पूर्ण वर्गासमोर पुन्हा बसायचं. अभ्यासक्रम मागे होता, परीक्षा तोंडावर होती. मी पुन्हा बसायचं ठरवलं आणि त्या पाचांनाच पुढची माहिती गोळा करून आणायला सांगितलं. त्यांनी चार दिवसांत आणलेला क्रम असा.

17 जून 2022. सेंट पीटर्सबर्गमधली आर्थिक परिषद. व्यासपीठावर पुतिन शेजारी बसलेले. तोकायेव यांना लुहान्स्क आणि दोनेत्स्कबद्दल, म्हणजे पूर्व युक्रेनमधल्या ज्या दोन भागांना रशियाने स्वतंत्र देश मानलं होतं त्यांच्याबद्दल, विचारलं गेलं, आणि त्यांनी पुतिन यांच्यासमोर सांगितलं की या आमच्या मते राज्यसदृश भूभागांना आम्ही मान्यता देणार नाही. कारणही दिलं : प्रत्येक जनसमूहाने स्वयंनिर्णयाचा हक्क बजावला तर 193 च्या जागी पाचशे-सहाशे देश होतील. रशियाला हवी असलेली मान्यता त्यांनी रशियातच, रशियन भाषेत नाकारली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तोकायेव यांनी युरोपला ऊर्जेच्या बाबतीत मदतीची तयारी दाखवली. दुसऱ्या दिवशी नोव्होरोसिस्कच्या न्यायालयाने पर्यावरणविषयक कागदपत्रांतल्या त्रुटींवरून तेलाचा नळ तीस दिवस बंद ठेवायचा आदेश काढला. आठवड्याभरात तो आदेश मागे पडून दोन लाख रुबल दंडावर निभावलं. या दोन घटनांचा संबंध सिद्ध करणारा कागद मुलांना सापडला नाही, आणि तसा दावा करायचा नाही असं आम्ही ठरवलं. पण यंत्रमागवाला मुलगा एवढंच म्हणाला, “सूत उशिरा आलं.”

सप्टेंबर 2022. रशियाने सैन्यभरती जाहीर केली आणि दोन लाखांवर रशियन माणसं कझाकस्तानात शिरली. तोकायेव म्हणाले की यातल्या बहुतेकांना निरुपायाने घर सोडावं लागलं आहे, त्यांची काळजी घेणं आणि त्यांना सुरक्षित ठेवणं आपलं काम आहे.

आणि जानेवारी 2023. रशियाच्या हल्ल्यांनी युक्रेनची वीज जात होती, लोक थंडीने गारठत होते. युक्रेनमधल्या कझाक लोकांनी आणि व्यापाऱ्यांनी मिळून एक युर्ता उभारला. युर्ता म्हणजे कझाक मेंढपाळांचा नमद्याचा गोल तंबू. आत ऊब, चहा, फोन चार्ज करायची सोय. तो उभारला कुठे? बुचामध्ये. रशियाच्या परराष्ट्र मंत्रालयाने याबद्दल कझाकस्तानकडे खुलासा मागितला. कझाक परराष्ट्र खात्याने तो खाजगी लोकांचा उपक्रम असल्याचं सांगून विषय तिथेच सोडला.

तंबूचा फोटो मुलांनी भिंतीवर दाखवला. ज्या गावाच्या नावाने झालेल्या मतदानात कझाकस्तान ‘नाही’ म्हणाला, त्याच गावच्या बर्फात कझाक तंबू, वर धुराडं, दारात चपला-बूट काढून ठेवलेले. “शेम शेम” ओरडलेली मुलं बराच वेळ काही बोलली नाहीत.

दुसरा निर्णायक क्षण

इथपर्यंत सगळं मी आखलेल्या वाटेवर होतं. मग नळदुर्गच्या मुलीने हात वर केला आणि आजीची गोष्ट सांगितली.

1948 चा उन्हाळा. नळदुर्ग, तुळजापूर तेव्हा निजामाच्या राज्यात. सोलापूर इकडे, भारतात. रझाकारांच्या भीतीने गावंच्या गावं सरहद्द ओलांडून सोलापूर, बार्शीकडे येत होती. आजी नऊ-दहा वर्षांची होती. रात्री बैलगाडीतून आई आणि धाकट्या भावासोबत ती सोलापुरात आली. त्यांना ठेवून घेतलं एका आडत्याने, दुकानामागच्या वखारीत. त्याचा निम्मा धंदा निजामाच्या मुलखात, तिकडचे हाली रुपये त्याच्या गल्ल्यात. निजामाकडचे व्यापारी दुकानात आले की तो वखारीला बाहेरून कडी घालायचा आणि आत कुणी हूं की चूं करायचं नाही. आजीला अजून आठवतं ते शेंगांच्या पोत्यांचा वास आणि कडीचा आवाज. पेठेत हैदराबादच्या लढ्यासाठी वर्गणीची यादी वाचली गेली, त्यात त्या आडत्याचं नाव नव्हतं. लोक त्याला निजामाचा माणूस म्हणायचे. 13 सप्टेंबरला सोलापुरावरून फौज नळदुर्गकडे गेली, पाच दिवसांत सगळं संपलं, आणि आजीचं कुटुंब गावी परतलं. आडत्याने त्यांच्याकडून भाडं घेतलं नाही.

“मॅडम, तुमच्या तक्त्यात आडत्याला किती मार्क?”

मी उत्तर द्यायच्या आत विजापूर वेसची मुलगी बोलली. वर्षभरात तिचा आवाज मी चार वेळाही ऐकला नसेल. “सप्टेंबरनंतरचं पण सांगा. माझ्या आईच्या माहेरचे लोक तिकडनंच आले. ते सप्टेंबरनंतर आले.”

वर्गाला संदर्भ कळला नाही. मला कळला. पोलीस अ‍ॅक्शननंतर, म्हणजे भारतीय फौजेच्या त्या पाच दिवसांच्या कारवाईनंतर, मराठवाड्यात आणि लगतच्या भागात मुसलमानांची मोठ्या प्रमाणावर कत्तल झाली. नेहरू सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने अगदी सावधपणे धरलेला आकडा 27 हजार ते 40 हजारांचा. जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता, म्हणजे नळदुर्ग ज्या जिल्ह्यात होतं तोच. तो अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही. मी राज्यशास्त्रात पंचवीस वर्षं आहे आणि हे वर्गात कधी शिकवलं नव्हतं.

घड्याळात दहा मिनिटं उरली होती. मी म्हणाले, “याला पुढचा पूर्ण तास देऊ.” त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे दिसलं, ते मी विसरले नाही. पुढचा तास म्हणजे कधीच नाही, हे तिने याआधी बहुतेक अनेकदा ऐकलं असावं. तास मी दिला, दोन दिवसांनी, आणि तोच या प्रकरणातला सर्वांत चांगला तास झाला. पण ती दहा मिनिटं मला वापरता आली असती.

त्या तासाला फाइलमधली ती दुर्लक्षित ओळ पुन्हा वर आली. कझाकस्तान स्वतः त्या परिषदेचा सदस्य होता, आणि जानेवारीतले 238 मृत्यू ताजे होते. आज एका सदस्याला अत्याचारावरून बाहेर काढायला ‘हो’ म्हटलं, तर उद्या तेच बोट आपल्याकडे वळेल. दोस्त देशांच्या गप्प बसण्यात शेजाऱ्याची भीती असते तशी स्वतःच्या दप्तराचीही भीती असते. विजापूर वेसच्या मुलीनेच हे जोडून दाखवलं : “ज्याच्या घरात दाबलेला अहवाल आहे, तो दुसऱ्याच्या घराची चौकशी जोरात मागत नाही.” मग भारताकडे बोट वळलं. 5 एप्रिल 2022 ला सुरक्षा परिषदेत भारताने बुचातल्या हत्यांचा निःसंदिग्ध निषेध केला, स्वतंत्र चौकशीच्या मागणीला पाठिंबा दिला, आणि दोन दिवसांनी निलंबनावर तटस्थ राहिला. यावर मुलांची मतं पार दुभंगली आणि मी ती जुळवायचा प्रयत्न केला नाही.

परिणाम

‘नैतिक भूमिका’ हा रकाना आम्ही काढला. त्याच्या जागी मुलांनी मिळून चार प्रश्न लिहिले. मागितलेलं काय दिलं नाही? कुणाला आत घेतलं? काय बोलायचं टाळलं? आणि यातल्या प्रत्येकाची किंमत कुणी मोजली? गुण उत्तरांच्या पुराव्यावर. कझाकस्तानच्या गटाला पुन्हा तपासून दहापैकी सात मिळाले. पोलंडचे गुण कमी झाले नाहीत, पण त्यांनाही तेच चार प्रश्न सोडवावे लागले आणि तिथे त्यांची तारांबळ उडाली.

सगळे पटले असं नाही. युक्रेनच्या टेबलावरची एक मुलगी शेवटपर्यंत म्हणत राहिली की तंबूमुळे मत धुऊन निघत नाही. बुचात ज्यांची माणसं गेली त्यांना त्या दिवशी फळ्यावर ‘नाही’ दिसलं, आणि ते कायमचं नोंदलं गेलं. तिचं म्हणणं मला पटतं. माझं स्वतःचं मत असं की कझाकस्तानला ‘हो’ म्हणणं परवडणारं नव्हतं, पण ‘नाही’ म्हणणं भागच होतं असंही नाही. आर्मेनियात रशियाचा लष्करी तळ आहे, तरीही तो त्या दिवशी गैरहजर राहू शकला. जी सूचना टेबलावर पळपुटेपणा म्हणून उडवली गेली ती प्रत्यक्षात शक्य होती. आणि जूनमध्ये सेंट पीटर्सबर्गला जे धैर्य दिसलं, त्यातलं थोडं एप्रिलमध्ये दाखवता आलं असतं असं मला वाटतं. आडत्याबद्दल विचाराल तर तोही तसाच. कडी घालून माणसं वाचवली, आणि नाव लपवून लढ्याला एक आवाज कमी केला. दोन्ही खरं आहे.

आजी अजून आहेत. त्यांनी नातीला सांगितलं की आडत्याच्या घरच्यांना पुढे कुणी कधी भेटायला गेलं नाही, याची त्यांना खंत आहे. नात आणि तिच्या दोन मैत्रिणी त्या घराचा शोध घेत पेठेत फिरल्या. वखारीच्या जागी आता इमारत आहे.

वेगळं काय करता आलं असतं

रशियाच्या पत्राची चिठ्ठी मी शेवटच्या दहा मिनिटांत दिली, कारण मला नाट्य हवं होतं. खऱ्या मुत्सद्द्यांना ते पत्र आधी मिळालं होतं, त्यांना आपल्या राजधानीशी बोलायला वेळ होता. माझ्या मुलांना तो मिळाला नाही. घाईत माणूस सवयीचं उत्तर देतो, आणि तटस्थता हे आपल्या वर्गातलं सवयीचं उत्तर आहे. पुढे ही चिठ्ठी फाइलमध्येच जाईल.

दोन तृतीयांशाचा हिशेब भाषणांच्या आधी फळ्यावर करून घ्यायला हवा होता. तटस्थ राहिलो म्हणजे काहीच केलं नाही, असं समजून मुलं बसली होती. त्या दिवशी त्याचा अर्थ ठरावाला वाट मोकळी करून देणं असा होता, हे त्यांना मतदानानंतर कळलं.

“शेम शेम” मी थांबवायला हवं होतं. त्या खुर्चीत बसलेली मुलं त्या देशाची वकील होती, आरोपी नव्हती.

आणि हैदराबाद. सोलापूरपासून नळदुर्ग पन्नास किलोमीटरच्या आत आहे, आणि मी ताकदवान शेजाऱ्याचा प्रश्न शिकवायला थेट कझाकस्तानला गेले. ते प्रकरण फाइलमध्ये आधीपासून असायला हवं होतं, 13 सप्टेंबरच्या आधीचंही आणि नंतरचंही. एका मुलीला ते स्वतःच्या घरातून काढून वर्गासमोर मांडावं लागलं, ही जबाबदारी तिची नव्हती.

सप्टेंबर 2024 च्या सुरुवातीला त्या यंत्रमागवाल्या मुलाचा संदेश आला. पुतिन मंगोलियाला पोहोचले होते. मार्च 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने युक्रेनमधली मुलं बेकायदा हलवल्याबद्दल त्यांच्या अटकेचं वॉरंट काढलं होतं. मंगोलिया त्या न्यायालयाचा सदस्य, म्हणजे अटक करायला बांधील. तिथल्या सरकारने सांगितलं की आमचं 95 टक्के इंधन आणि 20 टक्क्यांहून जास्त वीज शेजाऱ्यांकडून येते. अटक झाली नाही. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने मंगोलियाने कर्तव्य पाळलं नाही असा निर्णय दिला.

संदेशात लिहिलं होतं : “मॅडम, हे असं का करालेत ते आता कळतं. पण यांनी काय दिलं नाही, ते मला सापडेना. तुम्हाला सापडलं तर कळवा.”

या वर्षीची फाइल मंगोलियाची आहे. त्याच्या प्रश्नाचं पान मी अजून कोरं ठेवलं आहे.